रोटाचं दळण

पिंप्राळ्यातल्या आमच्या कॉलनीत कोणाचा सण जवळ आला हे कॅलेंडरच्या आधी मला कळायचं, कारण सण आधी माझ्या चक्कीत यायचा. हरभऱ्याच्या डाळीचे डबे एकदम वाढले की समजायचं, हमीदाबीच्या गल्लीत रमजान लागला, आता महिनाभर भज्यांचं बेसन. कोपऱ्यावरच्या ईश्वरीबाईकडे चेटीचंडला सगळं सिंधी गणगोत जमायचं. तिचे गहू जाडसर दळायचे, बारीक झाले तर ती डबा तसाच परत ठेवायची. संक्रांतीला बाजरी. दिवाळीआधीचे पंधरा दिवस मला जेवायला फुरसत नसायची आणि भाजणीचा वास पार केसांत जाऊन बसायचा. चौदा एप्रिलला मात्र चक्की बंद. तो आमचा सण. त्या दिवशी मी पांढरी साडी नेसून मिरवणुकीत असायची, आणि सगळी कॉलनी आदल्या दिवशीच दळून न्यायची. कुरकुर करायची, पण न्यायची.

मी वच्छलाबाई. आमचे हे एसटीच्या वर्कशॉपमध्ये फिटर. घरापुढच्या पत्र्याच्या शेडमध्ये चक्की त्यांनी बसवली, ब्याऐंशी साली, पण पहिल्या दिवसापासून ती चालवली मी. पट्टा चढवणं, दगडाचे पाट गुळगुळीत झाले की छिन्नी घेऊन त्यांना टाकी लावणं, मोटारीचा आवाज बदलला की कुठं काय बिघडलंय ते ओळखणं, सगळं मीच. माझ्या चक्कीचं पीठ गार पडायचं. बाकीचे गिरणीवाले घाई करतात, पाट आवळतात, पीठ तापतं आणि मग भाकरी थापताना कडा चिरतात. माझ्याकडच्या ज्वारीची भाकरी परातीएवढी थापा, चिरणार नाही. ही माझी फुशारकी नाही, बायकाच म्हणायच्या.

हे एवढ्यासाठी सांगते की पुढं जे झालं ते पिठावरून झालं नाही. माझ्या पिठाला कोणी कधी नाव ठेवलं नाही.

झालं ते कानबाईवरून. कानबाई ही आमच्या खानदेशची देवी. श्रावणात नागपंचमीनंतर जो रविवार येतो त्या दिवशी नारळाला नथ-डोळे-दागिने घालून घरोघरी तिला चौरंगावर बसवतात. सोमवारी सकाळी बाया तिला डोक्यावर घेऊन नाचत, वाजतगाजत पाण्यावर नेतात. पुरणपोळीचा नैवेद्य असतो, आणि त्याहून मोठं काम असतं रोटाचं. घरात जितके पुरुष, तितक्यांच्या नावानं गव्हाच्या मुठी मोजून घ्यायच्या. पाळण्यातला पोरगा असला तरी त्याची मूठ धरायची. बाईची मूठ नाही, मग ती घर चालवणारी का असेना. हे गहू वेगळ्या कापडात बांधायचे, शनिवारी दळायचे आणि त्या पिठाचे जाडजूड रोट करायचे. रोट खायचे फक्त भाऊबंदांनी. पोरगी लग्न होऊन गेली की तिलाही तुकडा नाही. पौर्णिमेच्या आत संपवायचे आणि उंबऱ्याबाहेर कण जाऊ द्यायचा नाही.

म्हणून त्या शनिवारी गिरणीवाले चक्की धुतात. वरचा पाट उचलायचा, दोन्ही पाट पाण्यानं खळखळून धुवायचे, वाळवायचे, मग ओल जावी म्हणून मूठभर धान्य फिरवून ते गाईला घालायचं. त्यानंतर फक्त रोटाचं दळण, दुसरं काही नाही.

आम्ही बौद्ध. माझ्या सासऱ्यांनी घरातले देव केव्हाच नदीत सोडले होते, त्यामुळं कानबाईशी माझं देणंघेणं काही नव्हतं. पण चक्की चालवायची तर गिऱ्हाइकाची रीत पाळावी लागते. मारवाड्यांच्या बाईचं दळण असलं की मी आधी पाट झाडून घ्यायची. लसूण घातलेल्या चटणीच्या डाळ्यांवर तिचे गहू कधी टाकले नाहीत. तसंच हे. पहिल्या वर्षी कोणी न सांगताच मी चक्की धुतली. ह्यांनी सुट्टी घेऊन पाट उचलायला हात लावला. मी न्हाले, धुतलेली चादर अंथरली आणि बसले वाट बघत.

कोणी आलं नाही. चारच्या सुमाराला रस्त्याच्या पलीकडच्या कडेनं बायांची रांग निघाली. ओले केस, डोक्यावर पोटल्या. माझ्या शेडकडे एकीनंही मान वळवली नाही. सगळ्या हायवेकडच्या झुलालशेठच्या गिरणीवर गेल्या, पाऊण मैल चालत. त्यात कमलबाईही होती.

कमलबाई तीन घरं सोडून राहायची. धुळ्याकडची, बोलणं सगळं तिकडचं, मला ते ऐकायला गोड लागायचं. तिचा नवरा बाजार समितीत होता. सकाळचं आवरलं की ती माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसायची, माझ्या हातचा चहा प्यायची, बुद्धपौर्णिमेची खीर वाटी चाटूनपुसून खायची. तिच्या धाकट्या पोराच्या वेळी दवाखान्यात सात दिवस तिच्याजवळ मी होते, तिची सख्खी बहीण नव्हती. पुढाऱ्यांसारखं भाषण करणारी बाई नव्हती ती, साधी होती, आणि तिला माझ्याबरोबर खाता-पिताना काही अडत नाही हे मी रोज बघत होते. म्हणूनच त्या रांगेत ती दिसली तेव्हा कोणीतरी तोंडात मारल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी ती चहाला आली आणि जसं काही झालंच नाही अशी बसली. मीही विचारलं नाही. त्यानंतर दर वर्षी हेच. दर वर्षी त्या शनिवारी मी चक्की धुवायची आणि दर वर्षी रांग पलीकडून जायची. आमचे हे म्हणायचे, तुला वेड लागलंय का, आपल्याला त्या नारळाशी काय करायचंय, उलट त्या दिवशी आराम कर. त्यांचं म्हणणं बरोबर होतं, आणि म्हणूनच मला त्यांचा राग यायचा. मला कानबाई नको होती. मला एवढंच हवं होतं की वर्षाचे बाकीचे सगळे दिवस ज्या हातानं तुमच्या पोराबाळांचं अन्न दळलं, तो हात त्या एका दिवशीही हातच राहावा. एकदा, फक्त एकदा, रोटाचे गहू उजेडात माझ्या चक्कीत पडावेत. हे मागायचीही मला लाज वाटायची, म्हणून मी मागायची नाही, नुसती धुवायची.

अठ्ठ्याऐंशी साली मात्र वेगळंच झालं.

त्या वर्षी शुक्रवारी माझ्याकडे ही गर्दी. आमच्याकडे पुरणपोळी खापरावर करतात, हातावर फिरवून फिरवून रुमालाएवढी, आणि त्यासाठी कणीक रेशमासारखी बारीक लागते. ती सगळी कॉलनी माझ्याकडेच दळायची, कारण झुलालशेठच्या गिरणीवर पीठ भरड पडतं हे शेंबड्या पोरालाही माहीत होतं. सकाळी सातला पट्टा चढवला तो अंधार पडायला आला तेव्हा उतरवला. कमलबाई, तिची सासू आक्काबाई, मागच्या गल्लीतली द्रौपदाबाई, सगळ्यांचे डबे मी भरून दिले. अंगावर पीठ बसून मी पांढरीफटक झाले होते.

शनिवारी सकाळी नेहमीप्रमाणं चक्की धुतली. दहा-साडेदहाला हायवेच्या बाजूनं मोठा आवाज झाला आणि धूर दिसला. थोड्या वेळानं हमीदाबीचा मालक सायकलवरून सांगत आला की तिकडची डीपी जळाली, झुलालशेठची गिरणी बंद, आणि वीज मंडळवाले म्हणतात उद्या दुपारपर्यंत काही होत नाही. आमच्या बाजूची लाईट चालू होती.

खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. मुठी मोजून झालेल्या होत्या, गहू बांधून झाले होते, दळण शनिवारीच व्हायला हवं. जळगावात जायचं तर तिकडच्या धुतलेल्या गिरण्यांवर तिकडच्याच बायांची झुंबड, आणि न्हाऊन सोवळ्यात बांधलेली पोटली रिक्षात मांडीवर घेऊन जायची कशी, शेजारी कोण बसेल सांगता येतं का. आता येतील कुठं, येतील माझ्याकडेच. मी पुन्हा अंगावर पाणी घेतलं. पेटीतली नवी साडी काढली. चादर अंथरली आणि तिच्या सुरकुत्या दोनदा हातानं सारख्या केल्या. आता आठवलं की त्या चादरीचासुद्धा राग येतो.

बाराच्या सुमाराला समोरच्या कडुनिंबाखाली बाया जमल्या. पंधरा-वीस असतील, पायाशी पोटल्या. मधे आक्काबाई उभी. बराच वेळ त्यांचं काहीतरी चाललं होतं. मग कमलबाई निघाली. समोरून नाही आली, वळसा घालून मागच्या दारानं आली.

"चक्की धुयेल शे ना, बाई?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, धुतली आहे, दर वर्षी धुते. हे 'दर वर्षी' मी जरा जोरात म्हटलं असेन. तिनं एकदा खाली बघितलं, मग हसली.

"मंग बठ्ठ्यास्नं दळन आठेच करानं ठरनं."

सगळ्यांचं दळण इथंच, माझ्याकडे. सहा वर्षं गेली होती, बाई. मी उठलेच, पट्टा चढवायला निघाले. तर तिनं माझा दंड धरला, अगदी मायेनं धरला.

"धनसिंगले बलाई लिधं शे. तोच चालाडी. तू घरमा निवांत बस, तुले काय तरास नको."

धनसिंग हा झुलालशेठच्या गिरणीवरचा माणूस. मला आधी कळेचना. मी विचारलं, तो कशाला? चक्की माझी, माझ्या रोजच्या हातातली, तो येऊन काय करणार? मग तिनं समजावून सांगितलं. सांगताना तिचा आवाज इतका गोड होता की ऐकणाऱ्याला वाटावं, ही मला माहेरी घेऊन चाललीय. तासाभराचं तर काम आहे. म्हाताऱ्यांच्या जिवाला बरं वाटेल. मी फक्त शेडमध्ये यायचं नाही, धान्याला आणि पिठाला हात लावायचा नाही, बास. मधलं दार लोटून घ्यायचं. चहा ती स्वतः आणून देणार होती. आणि झालं की शेड तीच झाडून देणार होती.

तिच्या तोंडावर लाज नव्हती, हे मला अजून विसरता येत नाही. वाईट वाटत असतं तर मी समजू शकले असते. पण ती खुशीत होती. तिला वाटत होतं तिनं बायांशी भांडून माझ्यासाठी काहीतरी मिळवून आणलंय. माझ्याच घरात मला कोंडायचं, माझ्या चक्कीला माझ्यापासून सोवळं पाळायचं, आणि ही बाई ते मला शुभवार्ता म्हणून सांगत होती.

तळपायाची आग मस्तकाला गेली म्हणतात ती मला त्या दिवशी कळली. मी तिचा हात काढला आणि पुढच्या दारानं सरळ रस्त्यावर गेले. तोवर बायांनी पोटल्या उचलून शेडच्या ओट्यावर ओळीनं मांडल्याही होत्या. माझी परवानगी त्यांनी गृहीतच धरली होती. धनसिंग सायकल लावत होता.

राग आला की माझ्या तोंडी शाळेतलं मराठी येतं. सातवीपर्यंत शिकलेय मी नशिराबादला, पहिल्या नंबरानं. मी आक्काबाईसमोर उभी राहिले.

"आक्का, काल पुरणपोळीची कणीक तुम्ही कुठं दळली?"

"आठे," आक्काबाई म्हणाली. खोटं बोलणारी नव्हती ती.

"कोणी दळली?"

तिनं ओट्यावरच्या पोटल्यांकडे बघितलं.

"त्या पोळ्या उद्या कोणापुढं ठेवणार?"

"कानबाईपुढे."

"म्हणजे देवीला माझ्या हातचं पीठ चालतं. चालत नाही ते तुमच्या नातवांना."

कोणीतरी पदर तोंडाला लावला. आक्काबाईचा चेहरा मात्र हलला नाही. ती सत्तरीची, काटक, सगळ्या कॉलनीच्या कानबाया तिला विचारून बसायच्या. तिनं माझ्याकडे रागानंही बघितलं नाही. उन्हाकडे बघावं तसं बघितलं.

"रीत शे ती, बाई. मी करेल नही." रीत काही तिनं पाडलेली नव्हती, एवढंच तिचं म्हणणं.

मी म्हटलं, मग ऐका. ही चक्की माझी आहे. चालेल तर माझ्या हातानं चालेल. धुतलेली आहे, मीही न्हालेली आहे, ज्यांना दळायचंय त्यांनी पोटली माझ्या हातात द्या. ज्यांना द्यायची नाही त्यांनी ओट्यावरून उचला.

धनसिंगला शहाणपण होतं, त्यानं सायकल पुन्हा स्टँडवरून काढली. मी ओट्यावर उभी राहिले, दोन्ही हात पुढं करून. किती वेळ ते सांगता येत नाही. रस्त्यानं एक रिक्षा गेली, तिच्यातली माणसं मागं वळून बघत गेली. मला वाटत होतं, एक. विसातली एक तरी देईल. मी मनात ठरवलंही होतं की कोण देईल.

पहिली पोटली उचलली ती कमलबाईनं. माझ्या हातात द्यायला नाही, डोक्यावर घ्यायला. तिनं उचलल्यावर मग बाकीच्यांना सोपं झालं. भराभरा ओटा रिकामा झाला. शेवटी द्रौपदाबाई राहिली. ती अमळनेरची, बोलायला मोजकी. तिनं पोटलीला हात लावला, माझ्याकडे बघितलं, ओठ हलवले, आणि तीही उचलून गेली.

त्या गेल्या आक्काबाईच्या घरी. सगळ्या कॉलनीत हातानं दळायचं दगडी जातं आता तिच्याकडेच उरलं होतं, गावाकडून आणलेलं, एरवी त्यावर तुळशीची कुंडी असायची. कुंडी उतरवली, जातं धुतलं आणि दुपारी एकपासून दळायला बसल्या. वीस घरांच्या मुठी आणि एक जातं. दोघी दोघी समोरासमोर बसून ओढत होत्या. कोणाला सवय राहिली होती? माझ्या शेडमध्ये दहा हॉर्सपॉवरची मोटार धुऊनपुसून तयार उभी होती, अर्ध्या-पाऊण तासाचं काम होतं, आणि तीन घरं पलीकडे घरघर, घरघर चाललेली मला दिवेलागणीपर्यंत ऐकू येत होती. मधेच गाणी म्हणत होत्या. मी पत्र्याचं दार ओढून घेतलं तरी ऐकू येत होतं.

संध्याकाळी हे कामावरून आले. त्यांना कोपऱ्यावरच कळलं होतं. म्हणाले, बरं केलंस, आणि आता पुढच्या वर्षीपासून ते धुणं बंद कर. मी त्यांच्यावर ओरडले. म्हटलं, तुम्हाला काय कळतंय, तुमच्या वर्कशॉपमध्ये नट आवळला की नट आवळला, कोणी विचारत नाही कोणाच्या हातानं. त्यांनी चादर घडी करून ठेवली. मग मला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून आणखी राग आला.

रविवारी मी बाहेर पडले नाही. सोमवारी सकाळी कानबाया वाजतगाजत माझ्या दारावरून गेल्या. मी शेडमध्येच बसले होते, आत गेले नाही, का जाऊ? पुढं बँड, मागं बाया फुगड्या घालतायत, डोक्यावर चौरंग घेतलेली आक्काबाई. हमीदाबीच्या दारातून तिच्या सुना मिरवणूक बघत होत्या, ईश्वरीबाईनं सगळ्यांना सरबत दिलं. सरबत घेतलं हो सगळ्यांनी. पाणी चालतं, साखर चालते, सिंधिणीचा ग्लास चालतो. मी मोजत बसले होते कायकाय चालतं ते.

मंगळवारी सकाळी चक्की उघडली तर दारात डब्यांची रांग. ज्वारीचे, बाजरीचे, नेहमीचे डबे. सण झाला, पीठ संपलं, आता वच्छलाबाई पुन्हा चालणार होती. रांगेत सगळ्यात पुढं कमलबाई. तिनं डबा ठेवला आणि काही झालंच नाही अशा आवाजात म्हणाली, ज्वारी आहे, जरा बारीक काढ, सासऱ्यांचे दात दुखतायत. मग तिनं दोन्ही तळवे माझ्यापुढं उघडले.

"हात देख मना. कितला फोड उनात."

उजव्या हाताला चार, डाव्याला दोन. उजव्यातला एक फुटलेला, लालबुंद. तिची अपेक्षा होती की मी हळहळावं. आणि खरं सांगते, माझा पाय उठलाच होता घरातून मलम आणायला. सहा वर्षांची सवय. मग माझं मलाच कळलं मी काय करायला निघालेय.

हे फोड तिनं पत्करले होते. एका बाजूला मी होते, दुसऱ्या बाजूला हे फोड, आणि तिला फोड सोपे वाटले. वर ते दाखवायला ती माझ्याकडेच आली होती.

मी डबा उचलला आणि तिच्या हातात परत दिला. म्हटलं, जातं आहे ना घरी, त्याच्यावर काढ बारीक. ती हसली, तिला थट्टा वाटली. मग माझं तोंड बघून तिचं हसू गेलं. म्हणाली, मी काय केलं, सासूपुढं माझं काय चालतं, मला तू तरी समजून घ्यायला हवं. म्हटलं, सासू पोटली उचलायच्या आधी तू उचललीस, कमलबाई. डबा कमरेवर घेऊन ती गेली, आणि ती तिच्या दारात शिरेपर्यंत मी तिच्या पाठीकडे बघत होते, तेही सांगून टाकते.

पण आता सुरुवात झाली होती. पुढची बाई डबा घेऊन सरकली तशी मी चक्कीसमोर आडवी उभी राहिले.

"आधी हात दाखवा."

हमीदाबीला काही ठाऊक नव्हतं, तिनं भाबडेपणानं तळवे पुढं केले. मेंदी लावलेले, स्वच्छ. तिची बाजरी घेतली. तिच्या मागच्या दोघींनी मुठी वळून पदराखाली घेतल्या आणि डबे उचलून निघाल्या. ईश्वरीबाईनं हात दाखवता दाखवता विचारलं, काय तपासतेस, मी म्हटलं, पीठ कोणाकोणाला चालतं ते. आणखी तिघी गेल्या. एकीनं जाताना, माजलीय, असं काहीतरी म्हटलं. म्हणू दे. सगळ्या कॉलनीचं दळण गेलं असतं तरी मला त्या क्षणी पर्वा नव्हती.

मग द्रौपदाबाई आली. तिनं हात पुढं केले, आणि मी बघतच राहिले. एक ओरखडा नाही. शनिवारी तर ती पोटली घेऊन त्या सगळ्यांच्या बरोबर गेली होती. मी विचारलं, तुझं कोणी दळलं?

तिनं मागं बघितलं. मागं दोघीतिघी उभ्या होत्या. ती माझ्या कानाशी आली.

"मी जातावर बठनूच नही. शुक्रवारनं पीठ घरमा व्हतं. त्येनाच रोट करात."

मला समजायला वेळ लागला. शुक्रवारचं पीठ म्हणजे माझ्या चक्कीचं, माझ्या हातानं दळलेलं, माझ्या हातानं डब्यात भरलेलं. जात्यापाशी रांग फार होती, तिला सांधेदुखी. मोजलेले गहू तिनं गुपचूप कोठीत परत ओतले आणि घरातल्या तिघा पुरुषांचे रोट त्या कणकेचे केले.

म्हणजे झालं होतं. सहा वर्षं ज्याची वाट बघत मी पाट धुतले ते झालं होतं, आणि मला ते कानात सांगितलं जात होतं, चोरीचा माल विकावा तसं.

"कोनले सांगू नको," ती म्हणाली.

आक्काबाईचा मला एवढा राग आला नव्हता. तिनं जे होतं ते रस्त्यावर, तोंडावर सांगितलं. हिला माझं पीठ चाललं, तिच्या घरच्यांना पचलं, फक्त माझं नाव चाललं नाही. माझ्यावर उपकार केल्यासारखी ती डोळे मिचकावून हसत होती, आणि वाट बघत होती की मीही हसेन.

मी मोटारीच्या बटणावरचा हात काढला. म्हटलं, "मोठ्यानं सांग. या सगळ्यांना ऐकू जाईल असं सांग, मग दळते."

ती पांढरी पडली. मागच्या बायांकडे बघितलं, रस्त्याकडे बघितलं, आक्काबाईच्या घराच्या दिशेनं बघितलं. मी थांबले. खरंच थांबले, घाई केली नाही. मग तिनं खाली वाकून डबा उचलला आणि भिंतीच्या कडेकडेनं निघून गेली.

तिनं सांगितलं नाही, म्हणून मी सांगते. त्या वर्षी पिंप्राळ्यात द्रौपदाबाईच्या घरचे कानबाईचे रोट माझ्या चक्कीच्या पिठाचे होते. घरातल्या तिन्ही पुरुषांनी ते पौर्णिमेच्या आत खाऊन संपवले. तिघंही अजून ठणठणीत आहेत.